बारा लेख अजून सापडायचे आहेत

सकाळी विरारला गाडी फलाटाला लागते तेव्हा लेडीज डब्याच्या दाराशी एक दिवस नुसतं बघत उभं राहावं. ढकलाढकली चाललेली असते, खिडकी पकडायची असते, फोर्थ सीट तरी मिळाली तर मिळाली. आणि त्या घाईतही कितीतरी जणी बोटं डब्याच्या दाराला टेकवतात, मग कपाळाला लावतात. अर्ध्या सेकंदाचं काम. मग आत. मीही लावते. मनवेलपाड्यात राहायला आल्यापासून लावते आहे आणि त्याबद्दल कधी दोन शब्दांचाही विचार केला नव्हता.

मग एके दिवशी याच डब्यात उभ्यानं अशोकाच्या नवव्या शिलालेखाबद्दल वाचत होते. सम्राट सांगतो की लोक नाना प्रकारची मंगलकृत्यं करतात. आजारपणात करतात, लग्नकार्यात करतात, मूल जन्मल्यावर करतात आणि प्रवासाला निघताना करतात.

प्रवासाला निघताना! मी पुस्तकावरून मान वर केली. वसईला चढलेली एक मुलगी बोटं कपाळाला लावत आत सरकत होती. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी पाटलीपुत्रात बसलेल्या माणसानं हिला कसं पाहिलं?

त्याहून पुढची गोष्ट ऐका. या नवव्या लेखाची एक प्रत आमच्याच सोपाऱ्यात दगडावर कोरलेली होती. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा, विरारच्या अलीकडचं स्टेशन. त्या ओळी ज्यांच्यासाठी कोरल्या ते लोक याच जमिनीवरून प्रवासाला निघत होते.

माझं वाचन तीन रांगांत चालतं: विज्ञान, तत्त्वज्ञान आणि पुराणकथा. कथा-कादंबऱ्या कमी. पूर्वी वाटायचं की या तीन रांगांचा एकमेकींशी संबंध नाही, तीन वेगळ्या फलाटांवरच्या गाड्या. सोपाऱ्यानं ती समजूत मोडली. घरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर एक जागा आहे, जिथे तिन्ही गाड्या येऊन थांबतात.

पण आधी हे सांगते की हलत्या गाडीत वाचता येतं, हाच पहिला चमत्कार आहे. एखादं पुस्तक हातात स्थिर धरा आणि डोकं भराभरा डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात, नाही का? आता डोकं स्थिर ठेवा आणि पुस्तक तेवढ्याच वेगानं हलवा. अक्षरांचा चिखल झाला! हलणं तेवढंच, मग फरक का? कारण तुमच्या दोन्ही कानांच्या आत प्रत्येकी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत आणि त्यांत द्रव आहे. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, नळीतल्या बारीक केसांना ते कळतं आणि डोळ्यांच्या स्नायूंना निरोप जातो: उलट दिशेला फिरा. सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. डोकं उजवीकडे तर डोळे डावीकडे, नजर ओळीवरच. पुस्तक हलतं तेव्हा मात्र कानाला काहीच कळत नाही, सगळा भार डोळ्यांवर पडतो आणि डोळे एकटे तितके चपळ नाहीत. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर मी कानांच्या भरवशावर वाचत जाते. हे कळल्यापासून प्रत्येक वळणावर त्या सहा नळ्यांची आठवण येते.

आता दगडाकडे.

अशोकाचे बहुतेक लेख ब्राह्मी लिपीत आहेत आणि ही लिपी शेकडो वर्षं कुणालाच वाचता येत नव्हती. दगड डोळ्यांसमोर, अक्षरं ठसठशीत, आणि देशभरात वाचणारा एक नाही. मग १८३७ साली जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरचे छोटे छोटे लेख न्याहाळत होता. लेख वेगवेगळे, पण बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी. एवढे लोक शेवटी एकच शब्द का कोरून घेतात? त्याला सुचलं की देवळांतल्या फरशीवर लोक अजूनही हेच तर कोरतात: अमक्याचं दान. दानं! एका शब्दानं द आणि न हाती आले, आणि बंद दाराची पहिली कडी निघाली. बघता बघता सगळी वर्णमाला उलगडली. सोडवणारी गोष्ट किती साधी होती! माणसाला दिलेल्या वस्तूवर आपलं नाव हवं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

ही अक्षरं आहेतही सोपी. क म्हणजे अधिकाचं चिन्ह. ठ म्हणजे गोल. त्या गोलात टिंब दिलं की थ. ग म्हणजे घराचं उतरतं छप्पर. हे चार एका लोकलच्या फेरीत पाठ होतात. मी केले आहेत.

प्रिन्सेपनंतर दोन वर्षांनी, १८३९ साली, जुनागढला एक मुलगा जन्मला, भगवानलाल इंद्रजी. जुनागढ म्हणजे गिरनारचा पायथा आणि तिथल्या प्रचंड शिळेवर अशोकाचे चौदा लेख. गावातल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर! भगवानलालच्या हाती प्रिन्सेपच्या अक्षरांचा तक्ता आला आणि तो ती शिळा वाचायला शिकला. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांसाठी त्यानं देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले.

आणि १८८२ साली हे पंडित भगवानलाल सोपाऱ्यात आले. भाटेळे तळ्याजवळ त्यांना बेसॉल्टचा एक तुटका तुकडा दिसला, आमच्या जीवदानीच्या डोंगराचा तोच काळा दगड. त्यावर अर्धवट ओळी. त्यांनी वाचल्या आणि ओळखल्या. अशोकाचा आठवा लेख! लहानपणी ज्या शिळेवर अक्षरं गिरवली, तिच्याच चौदा लेखांपैकी एक इथे, वसईच्या वाड्यांमध्ये, समुद्राच्या वाऱ्यावर पडलेला. पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला फिरत, मी मात्र बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून माझं फिरणं म्हणजे साधूंना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, गावोगावच्या लोकांना भेटणं, असा त्याचा आशय.

इथे जरा थांबा. आठवा सापडला याचा अर्थ काय? हे लेख एकेकटे कोरायची पद्धत नव्हती, संच कोरला जाई. गिरनारला, काल्सीला, शाहबाजगढीला संच आहेत. मग सोपाऱ्यातही सातवा असणार, नववा असणार. रसायनशास्त्रात मेंडेलीवनं आपल्या तक्त्यात रिकामी घरं ठेवली होती आणि इथे एक मूलद्रव्य सापडेल असं सांगून टाकलं होतं. १८७५ साली गॅलियम सापडलं आणि घर भरलं. सोपाऱ्याचा तक्ता असाच, चौदा घरांचा, एक भरलेलं. तो तसाच पडून राहिला. मग १९५६ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना सोपाऱ्याजवळच्या भुईगावात दुसरा तुकडा मिळाला. नववा! चौऱ्याहत्तर वर्षांनी दुसरं घर भरलं. माझ्या डब्यातल्या मुलीचा लेख तोच.

या नवव्या लेखात सम्राटाचं एक म्हणणं मला पटत नाही, तेही सांगते. बायका फार क्षुल्लक, निरर्थक मंगलं करतात असं तो म्हणतो. त्याच्या मते खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांवर दया, श्रमण-ब्राह्मणांना दान. हे सगळं मान्य. पण दाराला टेकलेली बोटं क्षुल्लक नाहीत. सगळा दिवस ज्या यंत्राच्या हवाली करायचा त्याची ती अर्ध्या सेकंदाची ओळख आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाशी असा वाद घालता येतो आणि तो समोर बसून ऐकतो आहे असं वाटतं, हे वाचनाखेरीज कशानं शक्य झालं असतं?

आठवा लेख मिळाला त्याच वर्षी भगवानलालांनी बुरुड राजाचा कोट खणला. लोक कोट म्हणत ते टेकाड म्हणजे विटांचा स्तूप निघाला. मधोमध दगडाची मोठी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडा. चांदीच्या आत दगडाचा. त्याच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा. एकात एक, एकात एक, हात थरथरत असणार उघडताना. आणि सोन्याच्या आत?

मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मिटून बोट आत ठेवलं आणि दहिसरपर्यंत पुढे वाचलंच नाही. सोनं हे वेष्टण आणि खापरी हा ऐवज! बुद्धाचं भिक्षापात्र म्हणून कुणीतरी त्या जपल्या. त्या खरोखर त्या पात्राच्या होत्या का, हे ठरवायचं साधन विज्ञानाकडे नाही. पण ज्यांनी त्या ठेवल्या त्यांच्या मनात सगळ्यात मोलाचं काय होतं, ते मात्र त्या पाच करंड्यांतून लख्ख वाचता येतं.

पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं एक नाणंही होतं आणि नाण्यांवरून मला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्याचे, जन्म १९०७, मूळचे गणिती, आणि ‘मिथ अँड रिॲलिटी’ या १९६२च्या पुस्तकाचे लेखक. पुण्याहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यायचे ते डेक्कन क्वीननं. आमच्या गाडीवाल्या जातीतला माणूस! त्यांनी आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली चांदीची जुनी नाणी, शेकड्यांनी तोलली. का? नाणं हातोहात फिरतं तेव्हा कणाकणानं झिजतं, बोटांना जरा जरा चांदी लागून जाते. शिवाय मधूनमधून कुणी सराफ ते तपासून मागच्या बाजूला बारीक ठसा मारी. कोसंबींनी मागचे ठसे मोजले, वजनं मांडली, आणि दिसलं की ठसे जितके जास्त तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे नाणं हे घड्याळ झालं! अक्षर नाही, तारीख नाही, आणि तरी कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं हे बोलू लागलं. तर्क बरोबर आहे ना हे पाहायला त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली. भाजीवाल्यानं परत दिलेलं गुळगुळीत नाणं चिमटीत धरून बघा, त्यात किती बाजार झिजून गेले आहेत.

त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचून या तरुणाच्या मनानं असा ध्यास घेतला की गोव्यातलं घर सोडून तो नेपाळ, श्रीलंका करत पाली शिकला आणि पुढे हार्वर्डपर्यंत गेला. एका मासिकातल्या काही पानांनी हे घडवलं.

पालीतली पूर्णाची गोष्ट आमच्या मुलखाची. पाली अट्ठकथा, म्हणजे बुद्धाच्या सुत्तांवरची (प्रवचनांवरची) भाष्यं, पूर्णाचं गाव सुप्पारक सांगतात, म्हणजे हेच सोपारा. भिक्षू झाल्यावर तो बुद्धाला म्हणतो, मी माझ्या मुलखात जातो. बुद्ध म्हणतो, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणतो, हात उगारला नाही, म्हणजे चांगलीच म्हणायची. हात उगारला तर? दगड नाही मारले. दगड मारले तर? काठी नाही घातली. मग काठी, मग शस्त्र, मग थेट जीवच घेतला तर? लोक स्वतःहून मरण शोधत फिरतात, मला ते न शोधता मिळालं असं समजेन. तेव्हा बुद्ध म्हणतो, जा.

पूल बांधणारे अभियंते तुळईवर भार थोडा थोडा वाढवत नेतात आणि कुठे तुटते ते पाहतात. ही तीच परीक्षा, फक्त तुळईच्या जागी मन. आणि कोणाच्या दगडांची भीती? आमच्या गावच्या! अंधेरीच्या गर्दीत कुणाचं कोपर बरगडीत घुसलं की मला पूर्ण आठवतो. माझ्यानं पहिल्याच पायरीच्या पुढे जाववत नाही, पण पायऱ्या कुठे आहेत ते तरी माहीत झालं.

शेजारी बसलेल्या बाईंनी एकदा विचारलं, “ताई, परीक्षा आहे का कसली?” मी ही गोष्ट सांगितली. त्या मन लावून ऐकत होत्या. बोरिवलीला उतरायला उठल्या आणि दाराशी जाताजाता वळल्या, “मग मारलं का हो त्याला?” केवढा बरोबर प्रश्न! मी ओरडून सांगितलं, नाही, त्याच पावसाळ्यात पाचशे पुरुष आणि पाचशे बायका त्याच्या शिकवणुकीला आल्या, असं सुत्तात आहे.

ही गोष्ट पानावर वाचताना कंटाळवाणी वाटू शकते, तेच वाक्य पुन्हा पुन्हा, एकच शब्द बदलून. का बरं असं? कारण ती पानासाठी रचलेलीच नाही. कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर दात्याचं नाव आहे, सोपाऱ्याचा सातिमित. आणि त्याचा हुद्दा आहे भाणक. भाणक म्हणजे तोंडपाठ म्हणणारा. बुद्धवचन शतकानुशतकं असं माणसांच्या तोंडी राहिलं. ठरावीक भाग ठरावीक भाणकांनी वाटून घेतलेला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी सोपाऱ्याचा वाचक पुस्तक काखेत मारून निघत नव्हता, तो स्वतःच पुस्तक होता! चालतं, बोलतं, घाट चढून कार्ल्याला जाणारं. आणि ती पुनरुक्ती म्हणजे त्या पुस्तकाची शिवण. एक शब्द निसटला तर ताल चुकतो आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या भाणकाला तो लगेच ऐकू येतो.

हे वाचलं आणि पलीकडच्या डब्यातल्या भजनी मंडळाकडे माझे कान वळले. सगळा हरिपाठ, कुणाच्या हातात चिटोरं नाही. एक जण अडखळला की बाकीचे त्याला उचलून पुढे नेतात. भाणक कुठे संपले?

राहिली पुराणकथा. क्षत्रियांचा नाश करून परशुरामानं पृथ्वी कश्यपाला दान दिली. मग स्वतः राहायचं कुठे? तर समुद्रानं मागे सरून त्याला शूर्पारक देश करून दिला, असं महाभारताच्या शांतिपर्वात आहे. शूर्प म्हणजे आपलं सूप. लोककथेत परशुरामाचा बाण येतो आणि समुद्र हटतो.

विज्ञानाची पुस्तकं याच किनाऱ्याबद्दल काय सांगतात? वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई-वसईचा किनारा शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. मग बर्फ वितळलं आणि समुद्र आत आला, हजारो वर्षं आत येत राहिला. चाल मंदावल्यावर उत्तरेची वैतरणा आणि दक्षिणेची वसईची खाडी यांनी गाळ आणून टाकला, उथळ जागा भरत गेल्या. एके काळचं सोपारा बंदर, ज्याची नोंद पेरिप्लस या ग्रीक खलाशी-पुस्तकात आहे, ते आज समुद्रापासून काही किलोमीटर आत पडलं आहे.

म्हणजे कथा खरी ठरली, असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरते, आणि तुम्हीही आवरा. समुद्र बाणानं हटत नाही, आणि कथेला भूशास्त्राचं प्रमाणपत्र लावलं तर दोन्हींचं नुकसान होतं. पण कथा रचणाऱ्यांनी एक गोष्ट नेमकी पाहिली होती, त्याबद्दल मला शंका नाही: ही सपाट जमीन एके काळी पाण्याची होती. पायाखाली शिंपले निघतात, विहिरीचं पाणी मचूळ लागतं, खाजणात भरती आत येते. जे दिसलं त्याला त्यांनी त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. प्रश्न त्यांचाही तोच होता जो आजच्या भूशास्त्रज्ञाचा आहे. नायगाव ते भाईंदर खाडीवरून जाताना मिठागरांचे चौकोन दिसतात, खाऱ्या पाण्याला अडवणारे मातीचे बांध दिसतात. तिथे समुद्र रोज थोडा थोडा मागे सारला जातो, फावड्यानं.

या जमिनीवरच्या नावांतही जुना काळ वाचता येतो. माझ्या मनवेलपाड्याचं नाव पोर्तुगीजांच्या काळाची खूण असावं. मनवेल म्हणजे मानुएलचं मराठी रूप, वसईच्या ख्रिस्ती घरांतलं ओळखीचं नाव. पाट्याही वाचण्यासारख्या असतात, हे मला दगडांनी शिकवलं.

आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं सोपं आहे. आठव्या लेखाचा दगड मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं. काचेजवळ उभं राहा आणि त्या काळ्या दगडावर अधिकाचं चिन्ह शोधा. तो क आहे. एक अक्षर तुम्ही स्वतः वाचलेलं असेल.

दुसरं काम वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांसाठी. चौदापैकी दोन लेख मिळाले, बारा अजून सापडायचे आहेत. दोन्ही तुकडे तुटके होते, घरदारांच्या आसपास सापडलेले. उरलेले कुठे असतील? विहिरीच्या काठाला, जुन्या बांधात, कुठल्याशा बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) पायरीत, धुणं आपटायच्या दगडात उलटे घातलेले. तेव्हा वाडीतून जाताना काळ्या दगडावर गोल, गोलात टिंब, अधिकाचं चिन्ह असं काही दिसलं तर त्यावर चुना फासू देऊ नका, तो फोडू देऊ नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.